कुटुंबचित्रातील अंतरे : देगाच्या ‘बेल्लेल्ली कुटुंबा’चे वाचन

१

व्यक्तिचित्र आणि कुटुंबचित्र हे दोन प्रकार वरवर पाहता एकाच जातीचे वाटतात. एका माणसाऐवजी चार माणसे रंगविली म्हणजे व्यक्तिचित्राचे कुटुंबचित्र झाले, अशी समजूत सामान्य प्रेक्षकाची असते आणि पुष्कळ चित्रकारांचीही असते. वस्तुतः या दोहोंत मूलभूत भेद आहे. व्यक्तिचित्राचा विषय माणूस हा असतो; कुटुंबचित्राचा विषय त्या माणसांना बांधणारे नाते हा असतो. आणि नाते ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. आईचा चेहरा रंगविता येतो, मुलीचाही येतो. परंतु आईपणाला आणि लेकपणाला स्वतःचा असा रंग नाही की रेषा नाही. जे दिसत नाही ते दृश्याच्याच कलेने कसे दाखवावयाचे, हा कुटुंबचित्रापुढचा खरा प्रश्न आहे. आणि जे दाखविले गेले ते कसे वाचावयाचे, हा समीक्षकापुढचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

साहित्याला ही अडचण या स्वरूपात येत नाही. कथाकाराच्या हाती काळ असतो. पती काय म्हणाला, पत्नीने काय उत्तर दिले, मग किती दिवस ती दोघे बोलली नाहीत, हे सारे तो क्रमाने सांगू शकतो. लेसिंगने १७६६ साली आपल्या ‘लाओकून’ या ग्रंथात काव्य आणि चित्र यांचा जो भेद सांगितला, त्याचे मर्म हेच होते : काव्यात गोष्टी एकामागून एक येतात, चित्रात त्या एकाशेजारी एक असतात. कुटुंबाला इतिहास असतो. कुटुंबचित्राला मात्र एकच क्षण मिळतो. त्या एका क्षणात वर्षानुवर्षांचे नाते उभे करावयाचे तर चित्रकाराजवळ साधन एकच उरते. कोण कोठे उभे आहे, कोणाचा हात कोठे आहे, कोणाची नजर कोठे जाते आणि दोन माणसांमध्ये किती जागा मोकळी सोडली आहे, हे ते साधन.

साहित्याच्या वाचनात मुरलेल्या समीक्षकाला ही मांडणी अपुरी वाटते. चित्राने न सांगितलेली कथा त्याला हवी असते; म्हणून तो चित्रकाराच्या पत्रव्यवहाराकडे, घराण्याच्या कागदपत्रांकडे वळतो आणि तेथे सापडलेली कथा चित्राच्या पोकळ जागांत भरतो. असे केल्याने चित्र बोलके होते असे वाटते. ते खरोखर बोलके होते, की त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले जातात, याची परीक्षा करण्यास फ्रेंच चित्रकार एद्गार देगा याच्या ‘बेल्लेल्ली कुटुंब’ या चित्राइतके योग्य उदाहरण क्वचितच आढळेल.

२

१८३४ साली पॅरिसमध्ये जन्मलेला देगा १८५६ मध्ये इटलीला गेला. त्याचे आजोबा इलेर देगा हे नेपल्समध्ये स्थायिक झालेले सावकारी पेढीचे मालक होते. त्यांची कन्या लाऊरा ही चित्रकाराची आत्या. तिचे पती बॅरन जेन्नारो बेल्लेल्ली यांनी १८४८ च्या क्रांतीत नेपल्सच्या राजसत्तेविरुद्ध भाग घेतला होता व त्यापायी त्यांना देशत्याग करावा लागला होता. १८५८ मध्ये हे कुटुंब फ्लॉरेन्समध्ये भाड्याच्या घरात राहत होते. त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर आजोबांचे निधन झाले. आत्या पित्याच्या शुश्रूषेसाठी नेपल्सला गेलेली होती. ती नोव्हेंबरमध्ये दोन्ही मुलींसह परतेपर्यंत भाचा तिची वाट पाहत फ्लॉरेन्समध्ये राहिला, आणि ती आल्यावर त्याने या चित्राची पूर्वतयारी सुरू केली. अनेक रेखाटने घेऊन तो पुढच्या वर्षी पॅरिसला परतला. मोठा पट तेथे आकाराला आला आणि त्यावर त्याचा हात पुढे कित्येक वर्षे फिरत राहिला. सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद असा हा पट १९१७ मध्ये चित्रकाराचा मृत्यू झाला तेव्हा त्याच्याच चित्रशाळेत होता. १९१८ मध्ये तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहासाठी खरेदी करण्यात आला. आज तो पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयात आहे.

चित्र प्रथमदर्शनी साधे आहे. फुलांच्या नाजूक नक्षीचा निळसर कागद भिंतीवर लावलेली एक मध्यमवर्गीय बैठकीची खोली. डावीकडे संपूर्ण काळ्या वेषात आत्या उभी आहे. तिच्या पुढ्यात, जवळजवळ तिच्या झग्याच्या घेरात सामावलेली, थोरली मुलगी जोव्हान्ना. आईचा उजवा हात तिच्या खांद्यावर आहे आणि तिचे स्वतःचे हात पुढे जुळलेले आहेत. मध्यभागी धाकटी जूलिया एका खुर्चीच्या कडेवर बसली आहे. तिने एक पाय मुडपून अंगाखाली घेतला आहे, त्यामुळे दुसरा तेवढाच दिसतो. दोन्ही हात कमरेवर. उजवीकडे शेकोटीजवळच्या आरामखुर्चीत पिता बसला आहे. त्याची पाठ प्रेक्षकाकडे आहे आणि वळविलेले मस्तक एका बाजूने दिसते. मुलींच्या काळ्या पोषाखांवर पांढरेशुभ्र एप्रन आहेत. आत्येच्या मस्तकामागे भिंतीवर तांबड्या खडूने काढलेले एक रेखाचित्र टांगलेले आहे. ते नुकत्याच निवर्तलेल्या आजोबांचे, असे सामान्यतः मानले जाते. उजव्या कोपऱ्यातून एक लहानसा कुत्रा चित्राबाहेर निघाला आहे आणि चौकटीने त्याचे डोके कापून टाकले आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मानवी देहाच्या नऊ स्थानांचे वर्णन आहे. प्रेक्षकाला सरळ सामोरे असलेले ते ऋज्वागत, एका बाजूने दिसणारे ते पार्श्वागत, पाठमोरे ते पृष्ठागत, अशी ती परंपरा आहे. शरीर प्रेक्षकाकडे किती वळले आहे यावरून आकृतीचा भाव पालटतो, हे या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. देगाला हा ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी त्याच्या चित्राचे वर्णन या परिभाषेत फार नेमके होते. जोव्हान्ना ऋज्वागत आहे. चित्रातली तीच एक व्यक्ती प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवते. आई आणि धाकटी मुलगी तिरप्या आहेत. पिता पार्श्वागत आणि पृष्ठागत यांच्या सीमेवर आहे. एकाच घरातल्या चार माणसांना इतकी भिन्न स्थाने देणे हे कुटुंबचित्राच्या रूढ शिरस्त्याविरुद्ध होते. तो शिरस्ता सर्वांना प्रेक्षकाकडे तोंड करून बसविण्याचा होता. पुढे छायाचित्राने तो जसाच्या तसा उचलला. महाराष्ट्रातल्या वाड्यांच्या ओसरीवर अजूनही टांगलेल्या जुन्या फोटोंत मध्ये खुर्चीवर बसलेले आजोबा, मागे उभी मुले, पायाशी बसविलेली नातवंडे आणि सर्वांचे डोळे एकाच भिंगाकडे लागलेले, ही त्याचीच प्रतिकृती होय. तेथे नाती मांडणीत नसतात, पायरीत असतात. कोण मोठा, कोण धाकटा एवढेच तो फोटो सांगतो. देगाने ही पायरी मोडली आणि तिच्या जागी अंतरे ठेवली.

३

या चित्राचा रूढ अर्थ आता जवळजवळ ठरून गेला आहे. हे एका दुःखी विवाहाचे चित्र आहे. पत्नी ताठ, अभिमानी आणि खिन्न आहे. पती बेफिकीर आहे. थोरली मुलगी आईच्या पक्षाची, धाकटी दोघांच्या मध्ये अडकलेली आहे. टेबलाचा पाय, मेणबत्ती, शेकोटीची कड आणि आरशाची चौकट या उभ्या रेषांनी पतीला उरलेल्या कुटुंबापासून वेगळे काढले आहे. हे वाचन निराधार नाही. आत्येची भाच्याला आलेली पत्रे उपलब्ध आहेत. परमुलखातल्या भाड्याच्या घरातील कंटाळा, पतीचा तिरसट स्वभाव, त्याला कोणताही नेटका उद्योग नसणे आणि या साऱ्याखाली आपण खचत चाललो आहोत ही भावना त्यांत स्पष्ट उमटली आहे. ती पत्रे वाचून चित्राकडे परतणाऱ्याला प्रत्येक रेषा त्याच दुःखाची साक्ष देऊ लागते.

नेमकी येथेच सावधगिरीची गरज आहे. पुरावा म्हणून पत्रे वापरणाऱ्याने ती कोणी, कोणाला आणि कोणत्या नात्याने लिहिली हे प्रथम पाहिले पाहिजे. फ्रेंच किंवा इंग्रजी भाषेत आत्या, मावशी आणि काकू यांना एकच शब्द असल्यामुळे तेथल्या अभ्यासकाच्या लक्षात जे सहजी येत नाही, ते मराठी वाचकाच्या लक्षात नातेवाचक शब्दाबरोबरच येते. लाऊरा ही चित्रकाराची आत्या आहे. म्हणजे भाचा हा तिच्या माहेरचा माणूस आहे. भिंतीवरचे आजोबा तिचे वडील आहेत. मुलींच्या अंगात त्याच घराचे रक्त आहे. चित्रातल्या आणि चित्रामागच्या साऱ्या माणसांत देगा घराण्याबाहेरचा असा एकच आहे, आणि तो म्हणजे आरामखुर्चीत पाठमोरा बसलेला जेन्नारो. हे चित्र माहेरच्या बाजूने काढलेले आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन सरदारघराण्याला मराठी कुटुंबाची मापे लावणे अर्थात् चूक होईल. तथापि माहेरी लिहिलेले पत्र हा एक विशिष्ट प्रकार आहे, एवढे तरी मराठी रसिकाला सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत सासरचे कष्ट आणि माहेरची ओढ यांचा जो पाझर आहे, तो खोटा कोणी म्हणणार नाही. परंतु तेवढ्यावरून त्या घरच्या प्रत्येक सासू-नवऱ्याचे चरित्र कोणी लिहूही नये. गाऱ्हाणे खरे असते आणि तरीही ते एका बाजूचे असते. लाऊराची पत्रे तिच्या दुःखाचा पुरावा निश्चितच आहेत. जेन्नारोच्या अपराधाचा पुरावा म्हणून ती वापरणे हा वेगळा उद्योग आहे, आणि त्याला चित्राचा पाठिंबा मिळतो काय हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. आत्या येण्यापूर्वीचे काही महिने भाचा तिच्या पतीच्याच घरी राहिला होता. जेन्नारो हा त्याला केवळ पत्रांतून भेटलेला माणूस नव्हे. चित्र सुरू असताना नोव्हेंबर १८५८ मध्ये देगाने आपला मित्र चित्रकार ग्यूस्ताव्ह मोरो याला जे पत्र लिहिले, त्यात मुलींच्या काळ्या पोषाखांचे आणि पांढऱ्या एप्रनांचे कौतुक आहे, जुन्या थोर चित्रकारांचे स्मरण आहे आणि स्वाभाविक लावण्य व एक प्रकारची उदात्तता यांचा मेळ साधावा अशी आकांक्षा आहे. घरातला कलह चव्हाट्यावर आणण्याचा हेतू त्यातून दिसत नाही. चित्रकाराचा हेतू हा काही चित्राच्या अर्थाचा अंतिम निर्णायक नव्हे. परंतु आत्येची पत्रे साक्षीला काढणाऱ्याने भाच्याचे पत्र दडवून ठेवणे न्याय्य होणार नाही.

४

आता चित्राकडेच परतावे. रूढ वाचनात जी गोष्ट क्वचितच पुरेशा गांभीर्याने घेतली जाते, ती नजरांची आहे. आत्या कोणाकडेच पाहत नाही. तिची दृष्टी पतीच्या मस्तकावरून पलीकडे, खोलीबाहेरच्या कोठल्यातरी दूरच्या बिंदूकडे लागली आहे. जोव्हान्ना प्रेक्षकाकडे, म्हणजे चित्र काढणाऱ्या मामेभावाकडे पाहते. जूलियाचे तोंड पित्याच्या बाजूला वळले आहे, पण तिची नजर त्याच्यापर्यंत पोचत नाही. मध्येच कोठेतरी ती विरून जाते. उरला पिता. तो पाठमोरा आहे हे खरे. परंतु त्याने मस्तक वळविले आहे ते प्रेक्षकाकडे नव्हे, कुटुंबाकडे. या खोलीत आपल्या माणसांकडे पाहणारी व्यक्ती एकच आहे, आणि तिच्याकडे मात्र कोणीही पाहत नाही.

ही एक गोष्ट ध्यानात आली की चित्राचा तोल बदलतो. ज्याला आतापर्यंत दूर सरलेला म्हणून दोष दिला जात होता, तो दूर ठेवलेलाही असू शकेल, ही शक्यता उघडी होते. उभ्या रेषांनी त्याला वेगळे काढले आहे, हे सर्वजण मान्य करतात. पण रेषा ही कोणा एकाच्या मालकीची नसते. जी भिंत त्याला कुटुंबापासून तोडते तीच कुटुंबालाही त्याच्यापासून तोडते. आरामखुर्ची घरातल्या सत्तेची आहे आणि शेकोटीची ऊब त्याच्याच बाजूला आहे. तरी देशातून घालविलेला, उद्योग हिरावलेला आणि परक्या गावात भाड्याच्या घरात दिवस काढणारा माणूस आरामखुर्चीत बसला म्हणजे तो आरामात असतोच असे नाही. चित्र त्याला निर्दोष ठरवीत नाही. त्याच्या बसण्यात एक जडपणा आहे, उठून त्या तिघींकडे जाण्याची कोणतीही तयारी त्यात नाही. पण चित्र त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाही.

दुसरी गोष्ट सुतकाची. आत्येचा काळा वेष आणि मुलींचे काळे पोषाख हे पित्याच्या, आजोबांच्या मृत्यूचे द्योतक आहेत. दुःखी पत्नी शोधण्याच्या नादात समीक्षक हे विसरतात की समोर उभी असलेली स्त्री ही नुकताच बाप गेलेली लेक आहे. आजोबांचे रेखाचित्र तिच्या मस्तकाशी इतके लगटून टांगले आहे की तिचे मुख आणि ते मुख जणू एकाच घडणीची दोन नाणी वाटावीत. तिच्या उजव्या हाताखाली मुलगी, मस्तकामागे पिता. तीन पिढ्यांची ही उभी रेषा चित्रात सर्वांत भक्कम आहे. तिची दूरवर लागलेली नजर पतीला टाळणारी आहे की गेलेल्या माणसाला शोधणारी, याचा निर्णय चित्र देत नाही. किंबहुना त्याने तो न देणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. माणसाच्या मनात शोक आणि राग, थकवा आणि अभिमान यांचे वेगवेगळे कप्पे नसतात. वर्षानुवर्षांच्या वैवाहिक कंटाळ्यावर पित्याच्या मृत्यूचा शोक चढला म्हणजे चेहऱ्यावर जे उमटते त्याला एकच नाव देता येत नाही. भावाचे नाव निश्चित करण्याची घाई समीक्षकाला असते, चित्रकाराला नसते.

मग या चित्राचा भाव कोणता? त्याला कलह म्हणता येणार नाही, कारण कलहाला दोन माणसांनी एकमेकांकडे तोंड करावे लागते. शोक म्हणावा तर जूलियाचे मुडपलेले पाऊल आणि कमरेवरचे हात त्या शोकाला जुमानीत नाहीत. या चित्राचा प्रधान भाव मर्यादेचा आहे. प्रत्येक व्यक्ती आपापल्या जागी, आपापल्या आवरणात, सभ्यतेने सांभाळलेली आहे. आत्येची डाव्या हाताची बोटे टेबलावर टेकली आहेत. कोणावर तरी टेकण्याची जी गरज आहे ती लाकडावर भागविली जात आहे. हा हात म्हणजे या चित्रातली सर्वांत करुण गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी एकाही चेहऱ्यावर अश्रू काढावा लागलेला नाही. प्रेम संपले किंवा आटले तरी कुटुंब मर्यादेच्या बळावर उभे राहू शकते, हे या चित्राने दाखविले आहे. या उभे राहण्यात कृत्रिमता आहे, हे खरे. पण त्यात एक प्रकारचे धैर्यही आहे. देगाने ज्या उदात्ततेची इच्छा धरली होती ती येथे आहे. रूढ वाचनाला ती दिसत नाही, कारण ते दोषी शोधण्यात गुंतलेले असते.

या मर्यादेत न बसणारे दोघेच आहेत : धाकटी मुलगी आणि कुत्रा. कुत्रा सरळ चित्राबाहेर जातो. जूलियाला जाता येत नाही; म्हणून ती निदान एक पाय लपविते. आईकडच्या आणि बापाकडच्या अशा दोन प्रदेशांच्या सीमेवर तिची खुर्ची आहे. तिच्या अस्वस्थ देहाशिवाय हे चित्र नुसते एक गंभीर स्मारक झाले असते. तिच्यामुळे ते घर झाले आहे.

५

चरित्रातून आणि इतिहासातून चित्र वाचण्याचा धोका दुसऱ्या एका विख्यात कुटुंबचित्राच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसून येतो. गोयाने १८०० ते १८०१ या काळात स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे जे भव्य चित्र रंगविले, ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. राजघराण्यातील तेरा व्यक्ती आणि मागे सावलीत, कॅनव्हासच्या आड उभा असलेला स्वतः चित्रकार. राणी मारिया लुईसा मध्यभागी आहे, राजा एका बाजूला सरकलेला. राजपुत्राशेजारी एक स्त्री तोंड फिरवून उभी आहे. ती त्याची भावी वधू असावी, जिचा चेहरा चित्र काढताना अद्याप ठरावयाचा होता. पुढे १८०८ मध्ये हे घराणे गादीवरून उतरले, देशात युद्ध पेटले, आणि नंतरच्या पिढ्यांनी त्या चेहऱ्यांत मूर्खपणा, लोभ आणि ऱ्हास वाचला. लॉटरी लागलेल्या दुकानदाराचे कुटुंब, असा शेराही प्रसिद्ध झाला. परंतु गोया त्या वेळी नुकताच राजदरबाराचा प्रमुख चित्रकार झाला होता, त्याने प्रत्येकाचा अभ्यास प्रत्यक्ष समोर बसवून केला होता आणि ज्यांचे चित्र त्यांनी ते स्वीकारले होते. उपहास चित्रात होता की नंतरच्या इतिहासाने तो तेथे नेऊन ठेवला, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. गोयाने राजघराण्याच्या चेहऱ्यांना सौम्य केले नाही, हे खरे. पण सत्य सांगणे म्हणजे उपहास करणे नव्हे. शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक आरंभ अपशकुनी दिसतो.

याच्या उलट टोकाला राजा रविवर्मा यांचे १८९३ चे ‘देअर कम्स पापा’ हे चित्र ठेवता येईल. येथे कुटुंबातली महत्त्वाची व्यक्ती चित्रात मुळी नाहीच. कडेवर मूल घेतलेली तरुण माता एका दिशेला पाहत आहे, जवळ पाळीव कुत्रा आहे. पित्याचे अस्तित्व केवळ शीर्षकात आणि त्या नजरेच्या दिशेत आहे. या मातेसाठी चित्रकाराची कन्या महाप्रभा हिचेच रूप घेतलेले आहे. केरळातील मातृवंशीय घरांत स्त्री आणि तिची मुले आपल्या तरवाडात राहत आणि पित्याचे स्थान पुष्कळदा पाहुण्याचे असे. या पार्श्वभूमीवर पित्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे हे चित्र अभ्यासकांना अर्थपूर्ण वाटले आहे. देगाच्या चित्राशेजारी ते ठेवले की एक चमत्कारिक विरोध नजरेस येतो. रविवर्म्यांच्या चित्रात पिता दिसत नाही, पण सर्व नजरा त्याच्याकडे आहेत. म्हणून तो तेथे आहे. देगाच्या चित्रात पिता खोलीतच बसला आहे, पण एकही नजर त्याच्याकडे नाही. म्हणून तो तेथे असून नाही. उपस्थिती ही देहाने ठरत नाही, नजरेने ठरते. हा सिद्धान्त दोन्ही चित्रे आपापल्या मार्गाने सांगतात, आणि तो सांगण्यासाठी कोणत्याही पत्राची गरज त्यांना पडत नाही.

६

या विवेचनातून एक तात्त्विक प्रश्न पुढे येतो, आणि मराठी समीक्षेला तो नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९५६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या ग्रंथात ललित कलांचे सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध संबंधांत शोधले. संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांनी ही लय सिद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. चित्रकलेपुरता या भूमिकेचा अर्थ असा की रंग आणि रेषा यांचे संबंध हाच चित्राचा गाभा. चित्रात आई आहे की डोंगर, ही गोष्ट सौंदर्याच्या दृष्टीने गौण. या भूमिकेवर पुष्कळ वाद झाला. जीवनवादी टीकाकारांना तीत माणूस हरवलेला दिसला. रूपवाद्यांना तीत कलेची मुक्ती दिसली.

‘बेल्लेल्ली कुटुंबा’सारख्या चित्रापुढे हा वाद निराळ्या प्रकाशात दिसू लागतो. काळ्या वेषाचा भार आणि पांढऱ्या एप्रनांची चमक यांतला विरोध, डावीकडचा तीन आकृतींचा पिरॅमिड आणि उजवीकडची एकटी, खाली बसलेली आकृती यांतला ताणलेला समतोल, पिता आणि कन्या यांच्या मुखांतला संवाद हे सारे मर्ढेकरांच्या परिभाषेत बिनचूक सांगता येते. परंतु सांगता सांगताच ध्यानात येते की ही केवळ संवेदनांची लय राहिलेली नाही. हीच त्या माणसांची नाती आहेत. पतीपत्नीमधले अंतर येथे उपमेने अंतर नाही. ते कॅनव्हासवर हाताने मोजता येणारे अंतर आहे. कुटुंबचित्रात घाट आणि आशय यांची फारकत करणे म्हणूनच अशक्य होते. मर्ढेकर संबंधांना महत्त्व देतात ते योग्यच. पण जेथे संबंध हाच विषय आहे तेथे रेषांचे संबंध आणि माणसांचे संबंध हे दोन राहत नाहीत. माणूस गौण मानणारा रूपवादी आणि रेषा गौण मानणारा चरित्रवादी, दोघेही या चित्राच्या अर्ध्याच भागाजवळ थांबतात.

साहित्यसमीक्षेलाही यातून काही घेण्यासारखे आहे. लेखकाची पत्रे, आठवणी, घरातल्या माणसांचे जबाब यांचा साठा हाती आला की कवितेतील प्रत्येक ‘तू’ला आणि कादंबरीतील प्रत्येक नवऱ्याला खऱ्या नावाची चिठ्ठी चिकटविण्याची घाई होते. तसे करण्यात कलाकृतीवर अन्याय होतोच. पण त्याहून मोठा अन्याय, ज्यांना आता उत्तर देता येत नाही अशा माणसांवर होतो. जेन्नारो बेल्लेल्ली १८६४ मध्ये वारला. आपल्या पाठीवरून आपला स्वभाव ठरविला जाईल, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. चरित्राचा उपयोग समीक्षेने करू नये असे नव्हे. आजोबांचे निधन ठाऊक नसते तर काळ्या वेषाचा अर्थ लागला नसता. परंतु चरित्राने चित्राकडे पाहण्यास शिकवावे, चित्राऐवजी पाहू नये. पत्रातून जी कल्पना सुचली तिला चित्रातल्या एखाद्या हाताचा, एखाद्या नजरेचा, एखाद्या मोकळ्या जागेचा दुजोरा मिळतो काय, हे पाहणे आणि चित्र जेथे गप्प राहते तेथे आपणही थांबणे, एवढी शिस्त त्यासाठी पुरेशी आहे.

चित्रसूत्राने घरात लावावयाच्या चित्रांसाठी शृंगार, हास्य आणि शांत हे रस योग्य मानले. इतर रसांची चित्रे देवालयांत आणि राजसभांत शोभतात असे सांगितले.  बेल्लेल्ली कुटुंबाचे हे चित्र अखेर चित्रकाराच्या चित्रशाळेतून संग्रहालयात गेले. ज्या घराचे ते चित्र, त्या घराला ते पाहणे कदाचित सोसले नसते. तेथे निळ्या भिंतीपुढे ती चार माणसे अजून आपापल्या जागी आहेत, आणि आरामखुर्चीतल्या माणसाची नजर त्या तिघींवर अजून तशीच खिळलेली आहे.